मेलेला ट्रान्झिस्टर बंद पडत नाही

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनने माझ्या आईच्या उजव्या हाताची तीन बोटं तोडली. कारखान्याने सांगितलं, बाईचा पाय पेडलवर राहिला.

आमच्या घरी पत्रकाची सुरुवात अशीच करायची पद्धत होती. कुठे, कोणी, कोणाचं काय केलं, आणि वरून कोण काय म्हणतंय. विशेषणं नंतर. बाबा एका मोठ्या कारखान्यात लेथवर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवाणाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या पायाशी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी बेरजा शिकले त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर आणि वाचायला शिकले ते छापलेल्या बाजूवर. ‘टाळेबंदी’ आणि ‘निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘घर’ यांच्याबरोबरच आले. बाबांचे नियम दोनच. गेटवर उभ्याने चहा पिताना वाचून जे कळत नाही ते पत्रक नाही. आणि जे सिद्ध करता येत नाही तेही पत्रक नाही.

आई पत्रकं वाचायची नाही. "कारखान्यात काय होतं ते मला कारखान्यात दिसतं," ती म्हणायची, "परत छापून कशाला वाचू?"

तिचं काम असं होतं. कापलेली पत्र्याची पट्टी डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायची आणि पायाने पेडल दाबायचं. वरून रॅम, म्हणजे मशीनचा जड ठोकळा, खाली येतो, पट्टीला आकार देतो आणि वर जातो. मग हाताने तुकडा काढून पेटीत टाकायचा आणि नवी पट्टी ठेवायची. भिंतीवरच्या इलेक्ट्रिक बोर्डात बसणाऱ्या क्लिपा होत्या त्या. काम नगावर होतं. जितक्या पेट्या भरतील तितकी दिवसाची मजुरी. त्यामुळे हात, पाय आणि रॅम यांची एक लय बसलेली असायची, आणि ती लय तुटली की बायका चिडायच्या.

त्या दुपारी तिने पेडल दाबलं, रॅम आला, गेला. तिने पाय उचलला, हात आत घातला. रॅम पुन्हा आला.

बायका याला ‘डबल मारला’ म्हणतात. शब्द आधीपासून होता, म्हणजे हे आधीही झालं होतं. फक्त तेव्हा आत कोणाचा हात नव्हता.

दवाखान्यात तिला शुद्ध आली तेव्हा तिने हाताकडे बघितलं नाही. तिने मला विचारलं, "माझा पाय राहिला असेल का गं?"

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर फळं घेऊन आले. सज्जन गृहस्थ, आवाज मऊ. "होतं असं ताई. दुपारची वेळ, थकवा येतो, पाय राहून जातो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आईने नेमकं तेच मनाला लावून घेतलं. घरी आल्यावर ती ओट्यापाशी खुर्चीवर बसायची आणि उजव्या पायाने फरशी दाबायची. दाब, उचल. दाब, उचल. पाय खरंच उचलला जातो का, की आपल्याला नुसतं तसं वाटतं, हे ती तपासत असायची. भाजी निवडायला डाव्या हाताने शिकत होती आणि खाली पायाचं हे चालू असायचं. तिला ना भरपाई हवी होती ना घोषणा. तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. आपलं शरीर आपल्याशी खोटं बोललं का? ज्या बाईने आयुष्य पायावर आणि हातावर काढलं, तिला हा संशय बोटांपेक्षा जास्त दुखत होता.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याच्या शेवटच्या वर्षाला होते.

एका रविवारी सकाळी कारखान्याचे मिस्त्री घरी आले. मशीनच्या देखभालीचं काम त्यांच्याकडे असायचं. सिन्नर तालुक्यातल्या खेड्यातला माणूस. बाबांबरोबर जुन्या संपात उपाशी बसलेला, त्यामुळे आमच्या घरचाच. चपला काढून ते दारातच घुटमळले.

"वहिनी, कसंय?"

"बसा ना भाऊ. बरी आहे. चहा मात्र आता कमी गोड मिळेल, साखरेचा डबा डाव्या हाताने उघडत नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी डब्याच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक हिरवी पट्टी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. हाताच्या तळव्याएवढं सर्किटचं कार्ड.

"तुझ्या आईच्या मशीनचं हाय. त्याच संध्याकाळी बदलाया लावलं मला. साहेब म्हनले, जुनं भंगारात टाक. मी नाय टाकलं." ते खाली बघत म्हणाले, "तू शिकती ना ह्यातलं. बघ काय निघतंय का."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचं? तू बघ."

चहा अर्धा ठेवून ते गेले.

त्या कार्डावर फार काही नव्हतं. पेडलची वायर एका बाजूने यायची. दुसऱ्या बाजूने एक जोडी वायर हवेच्या व्हॉल्व्हच्या कॉइलकडे जायची. कॉइलमध्ये वीज गेली की व्हॉल्व्ह उघडतो, हवा क्लचमध्ये जाते, क्लच फिरत्या चाकाला पकडतो आणि रॅम खाली येतो. पेडल आणि कॉइल यांच्यामध्ये, सगळं ज्याच्यावर टांगलेलं होतं तो एक तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर.

"ट्रान्झिस्टर म्हणजे तुझ्या आजोबांचा होता तसा?" आईने विचारलं.

"त्या रेडिओच्या पोटात जे असायचं, ते."

मग मी तिला तिच्याच मशीनवरून समजावलं. तू पेडल दाबतेस तेव्हा तुझ्या पायाचा जोर पत्र्यापर्यंत जातो का? नाही जात. पाय फक्त सांगतो. दाबायचं काम हवा आणि चाक करतात. ट्रान्झिस्टर विजेच्या बाबतीत हेच करतो. त्याच्या तीन पायांपैकी एकावर थोडंसं काही केलं की उरलेल्या दोन पायांमधून मोठा प्रवाह सुटतो. ते ‘थोडंसं काही’ काय असतं, यावरून प्रकार ठरतात.

सगळ्यात जुन्या प्रकाराला आम्ही बीजेटी म्हणतो. त्याला खाऊ घालत राहावं लागतं. बेस नावाच्या पायात लहानसा प्रवाह सोडला की दुसरीकडून मोठा वाहतो. थोडा सोडला तर थोडा, जास्त सोडला तर जास्त, थांबवला की थांबला. म्हणून आवाज वाढवायला तो चांगला. बाबांच्या गेटसभेच्या भोंग्यात तोच होता.

दुसरा मॉसफेट. त्याच्या गेट नावाच्या पायातून आत काही जातच नाही. मध्ये काचेच्या जातीचा एक फार पातळ थर असतो. गेटवर नुसतं व्होल्टेज ठेवायचं, की थरापलीकडे विजेला वाट तयार होते. व्होल्टेज काढलं की वाट मिटते. त्याला खायला काही लागत नाही, म्हणून मोबाइलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, ई-रिक्षाच्या कंट्रोलरमध्ये सगळीकडे तो. पण तो थर इतका नाजूक की हिवाळ्यात नायलॉनच्या साडीला हात लागून बसतो तसा चटकासुद्धा त्याला भोक पाडू शकतो. आम्हाला लॅबमध्ये मनगटाला वायर बांधून बसवायचे.

तिसरा आयजीबीटी. त्याचं तोंड मॉसफेटचं, पोट बीजेटीचं. हुकूम सोपा आणि अंगात ताकद दांडगी. मोठ्या मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमध्ये, वेल्डिंग मशीनमध्ये, रेल्वेच्या इंजिनात तो असतो.

"आणि एक असतो," मी म्हटलं, "ज्याला हुकूम प्रकाशाचा लागतो. फोटोट्रान्झिस्टर. चांगल्या प्रेसच्या तोंडाशी त्यांची उभी रांग असते. समोरून डोळ्याला न दिसणारा प्रकाश येत असतो. हात मध्ये आला, प्रकाश अडला, की मशीन खालीच येत नाही. तुमच्याकडे होतं असं काही?"

"आमच्याकडे मशीनवर गणपतीचा फोटो होता," आई म्हणाली.

कार्डावरचा मॉसफेट होता. मी मल्टीमीटर आणला. निरोगी मॉसफेटच्या मधल्या आणि कडेच्या पायावर मीटरच्या सुया लावल्या तर एका बाजूने थोडं काही दिसतं आणि उलट लावल्या तर काहीच नाही. या मॉसफेटवर सुया लावल्या आणि मीटर वाजला. उलट लावल्या, तरी वाजला. आतून वितळून तिन्ही पाय एक झाले होते. गेटला काही सांगा, न सांगा, वाट उघडीच.

"आई," मी म्हटलं, "तुझा पाय नव्हता."

तिने मीटर माझ्या हातातून घेतला नाही, फक्त म्हणाली, "पुन्हा वाजव."

मी वाजवला.

"पुन्हा."

ती किती वेळ ऐकत राहिली ते मी मोजलं नाही. मग तिने मला मेलेल्या वस्तूचं कोडं विचारलं. "जळाला ना तो? मग जळाल्यावर मशीन बंद पडायला पाहिजे. बल्ब जळला की अंधार होतो."

हे सगळ्यांनाच वाटतं. बल्ब जळतो म्हणजे आतली तार तुटते आणि वाट बंद होते. फ्यूजचं तेच, आणि फ्यूज त्यासाठीच असतो. पण ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा त्याच्या आतली भिंत वितळते. दार बंद करून तो मरत नाही, दारच नाहीसं करून मरतो. माझ्या मते हे वाक्य प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर रंगवायला हवं, ‘सुरक्षा प्रथम’च्या जागी. कारण ‘सुरक्षा प्रथम’ हे वाक्य कामगाराला बजावतं, आणि हे वाक्य मालकाला. ज्या मशीनमध्ये माणसाचा हात जातो तिथे एका ट्रान्झिस्टरवर विश्वास ठेवून चालत नाही. म्हणून चांगल्या प्रेसला दोन कॉइलचा व्हॉल्व्ह असतो, आणि प्रत्येक कॉइलला वेगळा ट्रान्झिस्टर. दोन्ही कॉइलना एकाच वेळी हुकूम मिळाला तरच हवा सुटते. एक मेला तर दुसरा अडवतो. आईच्या कारखान्यात एकच होता.

मी त्या आठवड्यात पत्रकाचा मसुदा लिहायला घेतला. पहिलं वाक्य तुम्ही वर वाचलंच.

पण एक गोष्ट मला खटकत होती. कार्डावर कॉइलच्या दोन वायरींच्या मध्ये एका डायोडची, म्हणजे विजेला एकाच बाजूने जाऊ देणाऱ्या भागाची, जागा होती. डायोड नव्हता. त्याचे दोन बुंधे होते, पक्कडीने स्वच्छ कापलेले, जळालेले नव्हते. मी कार्ड कॉलेजात नेलं आणि आमच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी भिंग लावून बघितलं.

"हा कोणी मुद्दाम कापलाय," त्या म्हणाल्या. "कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला की कॉइल उलटा झटका मारते. डायोड तो झटका गिळतो. डायोड नसला तर तो झटका दर वेळी ट्रान्झिस्टरच्या छातीवर."

"मग कापायचा कशाला?"

"डायोड असला की कॉइलमधली वीज थोडा वेळ फिरत राहते, व्हॉल्व्ह उशिरा सुटतो. डायोड काढला की व्हॉल्व्ह चटकन सुटतो. मशीन जलद होतं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काही दिवस."

मी घरी येऊन आईला सांगितलं ते उत्साहाने. मला वाटत होतं, पत्रकाला आता खरा पुरावा मिळाला. उत्पादनासाठी कारखान्याने सुरक्षेचा भाग कापून टाकला. याहून थेट ओळ कुठे मिळणार?

आई लसूण सोलत होती. तिने हातातली पाकळी खाली ठेवली.

"ते काढल्यावर मशीन पळायला लागतं?"

"हो."

"दिवाळीच्या आधी पळायला लागलं होतं आमचं." तिने पाकळी पुन्हा उचलली. "आधी ते झोपायचं. पाय दाबला की रॅम वर जाऊन टेकेपर्यंत थांबावं लागायचं, पुढचा दाब घ्यायचंच नाही. पेट्या भरत नव्हत्या. सगळ्याजणी म्हणाल्या, तू जा, मिस्त्री तुझ्या घरच्यांच्या ओळखीचे. मी गेले. म्हटलं, भाऊ, हे जरा पळवा की."

मी कार्डावरचे कापलेले बुंधे पुन्हा बघितले.

"त्यांनी एका जेवणाच्या सुट्टीत माझं केलं, मग एकेक करून सगळ्यांची," आई म्हणाली. "मी त्यांना घरचा चिवडा नेऊन दिला होता."

संध्याकाळी बाबांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. ते आले तेव्हा कार्ड टेबलावरच होतं. त्यांनी ते बघितलं आणि कोणी काही विचारायच्या आत बोलायला लागले.

"मला म्हाईत व्हतं, आज ना उद्या जळंल ते. मी काय येडा नाय. पन मी धरलं व्हतं, जळलं तर मशीन बंद पडंल. बंद पडलं का मी दुसरा टाकीन, तासाभराचं काम. आमच्यात समदे असंच धरत्यात. मेलेलं कवा चालतं का?" त्यांनी कार्डाकडे बोट केलं. "त्या दिवशी मशीन मेन बंद करून परत चालू केलं, तर पेडलला कुनी हात नाय, पाय नाय, आन रॅम आपला वर-खाली, वर-खाली. तवा कळलं मला."

"मग कार्ड का आणून दिलंत?" मी विचारलं. "भंगारात टाकलं असतं तर कोणालाच कळलं नसतं."

"वहिनी पाय आपटत बसत्यात म्हनून ऐकलं," ते म्हणाले.

आई म्हणाली, "भाऊ, चहा घ्या. आज पूर्ण प्या."

आता सगळं स्पष्ट होतं, आणि म्हणूनच अवघड होतं. कारखान्याने आईची चौकशी लावली होती, त्यांनीच नेमलेल्या वकिलासमोर. आरोप निष्काळजीपणाचा. कार्ड समोर ठेवलं तर आईचा पाय सुटत होता. आणि त्याच कार्डावरचे कापलेले बुंधे मिस्त्रींच्या गळ्यात पडत होते. त्यांनी कार्ड कारखान्याबाहेर आणलं होतं, म्हणजे चोरीही होती. दोन वर्षं राहिली होती त्यांच्या निवृत्तीला.

माझं मत मी मसुद्यात लिहिलं होतं आणि ते आजही बदललेलं नाही. सगळं छापायचं. नगावरच्या कामाने बायकांना घाई शिकवली, त्या घाईने मिस्त्रींना डायोड कापायला लावलं, आणि हे सगळं होऊनही हात वाचला असता, जर कारखान्याने दोन कॉइलचा व्हॉल्व्ह बसवला असता. डायोडची ओळ वगळली तर उरतं ते अर्धं खरं, आणि अर्धं खरं छापायला मालकाकडे आपल्यापेक्षा चांगले छापखाने आहेत.

बाबांनी चष्मा लावून मसुदा वाचला आणि त्या ओळीवर पेनाचं टोक ठेवलं.

"या ओळीने कोण मरतं?"

"बाबा, खरं आहे ते."

"खरं आहे. मी विचारलं, कोण मरतं? मॅनेजमेंटला बाकीचं पत्रक दिसणारसुद्धा नाही. ते ही एक ओळ कापून चौकटीत लावतील."

"जे सिद्ध करता येत नाही ते पत्रक नाही, असं तुम्हीच म्हणता. या ओळीशिवाय मी काय सिद्ध करू?"

"आपल्या माणसाविरुद्ध पत्रकात ओळ जात नाही."

"हे तिसरं कलम मला कधी सांगितलं नव्हतं तुम्ही."

"वेळ आली नव्हती."

"म्हणजे आईचा पाय पेडलवर होता, असंच राहू द्यायचं?"

आई आतून येऊन दारात उभी राहिली होती. "हात माझा आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं कागदावरून भांडताय."

"मग तू सांग," मी म्हटलं.

"मला कळलं ना. मीटर वाजला, मी ऐकला. आता त्या वकिलाला कळून माझं काय उगवणार?"

"तुला कामावरून काढतील. कागदावर राहील की तुझी चूक."

"कागद त्यांचा आहे," आई म्हणाली. "आणि भाऊंना मी सांगितलं होतं."

"तू डायोड कापायला सांगितला नव्हतास!"

"मी पळवा म्हटलं होतं."

मी तिच्याशी वाद घालत राहिले. मी तिला म्हटलं की ही गरिबाने गरिबाला वाचवण्याची गोष्ट मालकाला फार आवडते, त्याचं सगळं त्यावरच चालतं. ती ऐकत होती. मग तिने ते कार्ड उचललं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि मिस्त्रींच्या घरी पाठवून दिलं.

चौकशीला मी तिच्याबरोबर गेले होते. मला केबिनबाहेर बसवलं, पण दार नीट लागत नव्हतं.

"पाय पेडलवर होता का?" वकिलाने विचारलं.

"नव्हता."

"मग मशीन खाली कसं आलं?"

"मशीनच्या आत एक भाग असतो. तो मेला की उघडाच राहतो. पाय असो नसो, मशीन येतं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मुलगी शिकते."

"त्याचा काही पुरावा?"

 खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाही," आई म्हणाली.

निकाल आला तो अपेक्षेप्रमाणे. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे, आणि आईचं काम गेलं. सुपरवायझरांना वाईट वाटलं असं त्यांनी कळवलं.

पत्रक निघालं. डायोडची ओळ त्यात नव्हती, कारण कार्ड नव्हतं आणि आईची संमतीही नव्हती. ट्रान्झिस्टर कसा मरतो, मेल्यावर मशीन का थांबत नाही, एका कॉइलवर माणसाचा हात का सोपवू नये, एवढं होतं. मी ते स्वतः गेटवर वाटलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सोप्या भाषेतलं लिखाण आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण ते पूर्ण नाही, आणि हे मी इथे लिहून ठेवते आहे, कारण मिस्त्री आता निवृत्त होऊन गावी गेले आहेत आणि आई म्हणाली, आता लिही हवं तर.

मिस्त्रींनी मधल्या काळात एक केलं. जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये एकेक करून सगळ्या प्रेसच्या कार्डांवर त्यांनी डायोड परत बसवले. कोणाला सांगितलं नाही. मशीनं मंदावली. नगाचा हिशेब मात्र तोच राहिला, पेट्या तितक्याच मागितल्या जात होत्या. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह कोणी आणला नाही. बायका मिस्त्रींवर ओरडायला लागल्या. बाजारात आईला भेटलेली एक जुनी सोबतीण तोंडावर म्हणाली, "तुझ्या लेकीच्या पत्रकानंतर मशीनंसुद्धा संपावर गेलीत बघ."

मी डिप्लोमा करून सिन्नरच्या वसाहतीत मोटरींचे ड्राइव्ह दुरुस्त करायच्या कामाला लागले. माझ्या टेबलावर रोज मेलेले आयजीबीटी येतात. प्रत्येकावर मी आधी सुया लावते. बहुतेक वाजतात.

मिस्त्री निवृत्त झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात आईला तिच्या फंडाच्या कागदावर सही हवी होती म्हणून आम्ही दोघी अंबडला गेलो. वॉचमनने आम्हाला गेटबाहेर बाकावर बसवलं. आतून प्रेसचे आवाज येत होते. मला तो सगळा एकच गोंगाट होता. आई मान कलती करून ऐकत होती.

"शेवटचं पळतंय," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटचं मशीन. बाकीची झोपतायत, ते पळतंय. कोणीतरी परत काढलं ते."

मी उठले. वॉचमनला म्हटलं, साहेबांना बोलवा. तो म्हणाला साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी आवाज चढवला. आईने माझा दंड धरला, डाव्या हाताने, आणि मला खाली बसवलं. "साहेब काय करणार? तोच म्हणेल छान पळतंय."

सही झाली तरी आम्ही निघालो नाही. पाळी सुटेपर्यंत उन्हात थांबलो. बायका बाहेर आल्या. शेवटच्या मशीनवर कोण, हे आईने एकीला विचारलं आणि तिने दाखवली. पंचविशीतली असेल, त्र्यंबककडच्या पाड्यावरची, नवीनच लागलेली. आई तिला बाजूला घेऊन गेली. मशीन का पळतं, काय कापलंय, ते कधीतरी मरणार आणि मेलं की थांबणार नाही, सगळं तिने सांगितलं. माझ्यापेक्षा सोपं सांगितलं. मग पदर बाजूला करून हात दाखवला.

ती मुलगी हाताकडे बघत राहिली. तिने आदराने ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मावशी, ध्यानात ठेवीन मी," ती म्हणाली. "पन माझा पाय लय हलका हाय. मी उचलून घेते लगेच."

"माझाही हलकाच होता," आई म्हणाली.

मुलीने मान हलवली, समजल्यासारखी. तिची रिक्षा भरत आली होती. ती आत चढून बसली, आणि बसल्या बसल्या चपलेतला पाय थोडा वर उचलून तिने एकदा बघितला.